सात इंचांची पाटी

व्यावहारिक मराठीच्या तासाला सरांनी परीक्षणलेखन शिकवायला घेतले आणि पहिल्याच दिवशी आमची हवा काढून घेतली. "पुस्तकांची परीक्षणे नकोत," ते म्हणाले. "ती तुम्ही मलपृष्ठ वाचून लिहिता आणि मी ती न वाचता तपासतो. या खेपेस घरातल्या एखाद्या वस्तूचे परीक्षण लिहा." अटी चार होत्या. वस्तू घरात वापरलेली असावी; तिची खरी किंमत लिहावी; शेवटी शंभरपैकी गुण द्यावेत; आणि ज्या माणसाने ती सर्वांत जास्त वापरली त्याला विचारल्याखेरीज गुण देऊ नयेत.

वर्गात एकच उत्साह पसरला. कोणी मिक्सर घेतला, कोणी स्कूटी, चौघांनी आपापले नवे मोबाइल घेतले. वसतिगृहातल्या एका मित्राने खाणावळीच्या पोळीचे परीक्षण लिहिले आणि टिकाऊपणात तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आईच्या लोखंडी पेटीच्या तळाशी, जुन्या नऊवारीच्या घडीत, मला माझा विषय सापडला. सात इंचांचा एक टॅब. आमच्या घरात त्याला टॅब कोणी कधी म्हटले नाही. अण्णांनी पहिल्या दिवशी त्याला पाटी म्हटले आणि तेच नाव राहिले.

सरांनी पार्श्वभूमी थोडक्यात द्या असे सांगितले होते, म्हणून देतो. हातात धरायची अशी पाटी असावी ही कल्पना साधारण माझ्या वडिलांच्याच वयाची आहे. ॲलन के या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली एका निबंधात 'डायनाबुक' नावाच्या यंत्राचे चित्र रेखाटले होते. वहीएवढे, मुलाला उचलून नेता येईल असे, ज्यावर वाचावे आणि लिहावेही. तसे यंत्र तेव्हा बनणे शक्य नव्हते. पुढे २००५ साली फिनलंडच्या नोकिया कंपनीने '७७०' नावाची पाटी विकायला काढली. गंमत अशी की मोबाइलसाठी गाजलेल्या कंपनीच्या या वस्तूला सिमकार्डच नव्हते. वाय-फाय असेल तिथे बसावे आणि जाळ्यावरची पाने वाचावीत, एवढेच तिचे काम. म्हणून कंपनीने तिला नावच 'इंटरनेट टॅब्लेट' दिले. ती फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. २०१० साली ॲपलचा आयपॅड ४९९ डॉलरला आला आणि मग मात्र जो तो पाट्या बनवू लागला.

आपल्याकडे ही लाट आली ती 'आकाश'च्या नावाने. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत हा टॅब लोकांसमोर ठेवला. कॅनडातल्या डेटाविंड कंपनीने तो बनवला होता. पडदा सात इंचांचा, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ एमबी. तो फार मंद चालतो अशी ओरड झाली. मग हे काम आयआयटी मुंबईकडे आले, प्राध्यापक दीपक फाटक यांनी ते हाती घेतले, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते सुधारलेला 'आकाश २' आला. विद्यार्थ्याला तो १,१३० रुपयांत पडेल असे जाहीर झाले.

हे १,१३० रुपये वर्तमानपत्रातून आमच्या दुकानात आले. अण्णा शिंपी. बसस्टँडसमोर आठ बाय दहाचे दुकान, त्यात एक पायमशीन. वर्तमानपत्र ते शेजारच्या हॉटेलातून आणत आणि अथपासून इतिपर्यंत वाचून परत करत. ती बातमी त्यांनी दोनदा वाचली. ताई तेव्हा बारावीत होती, मी तिसरीत. २०१२-१३ चे ते वर्ष मराठवाड्यात दुष्काळाचे. लग्ने थोडी, म्हणून शिलाई थोडी. तरी अण्णांनी वर्षभर एका डब्यात पैसे साठवले होते. तालुक्याच्या गावी एक जुने पिको मशीन विकाऊ होते, त्यासाठी. पिको-फॉलचे काम बाराही महिने असते आणि त्यासाठी आमच्या गावच्या बायकांना तालुक्याला जावे लागे. एवढा हिशेब झालेला होता.

एका मंगळवारी अण्णा तो डबा घेऊन तालुक्याला गेले. आम्ही पिको मशीन येणार म्हणून दुकान झाडून ठेवले. ते आले ते काखेत एक पांढरे खोके घेऊन.

झाले होते ते असे. अण्णा मोबाइलच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "सरकारी पाटी द्या, अकराशे तीसवाली." दुकानदाराने त्यांना समजावले की तो टॅब कॉलेजांतून मिळतो, दुकानात येत नाही. "पण त्याचाच भाऊ आहे माझ्याकडे." हा भाऊ कोणा अनोळखी कंपनीचा, आदल्या वर्षीचा पडून राहिलेला माल होता. किंमत साडेतीन हजार रुपये, कव्हरचे शंभर वेगळे. त्यात एक सिमकार्ड बसत होते, ही त्याची जमेची बाजू. आईने त्या रात्री अण्णांशी बोलणे टाळले. भांडी मात्र बरीच बोलली.

आता वस्तूबद्दल. अंगकाठी जाड, पाठ प्लास्टिकची, हातात धरली तर पाटीपेक्षा पोथीसारखी वाटे. पडदा ८०० बाय ४८० ठिपक्यांचा. आत ॲन्ड्रॉइड २.३, म्हणजे त्या वेळीही शिळेच. चार्जरची पिन बारीक, गोल, दुसऱ्या कोणत्याच वस्तूला न लागणारी. बॅटरी कागदोपत्री पाच तास आणि आमच्या घरी दोन.

पडद्याविषयी मात्र दोन शब्द जास्त लिहितो, कारण या पाटीवर सगळ्यांनी ज्या गोष्टीसाठी नाक मुरडले असते तीच आमच्या घरी कामाची ठरली. आजच्या मोबाइलचा पडदा बोटातली विजेची किंचितशी हालचाल ओळखतो; नुसते टेकवले तरी पुरते. आमच्या पाटीचा पडदा जुन्या जातीचा, दाबावर चालणारा होता. त्यात दोन पातळ पापुद्रे असतात आणि मध्ये नखाएवढीही नाही अशी फट. वरचा दाबला की खालच्याला टेकतो आणि कुठे टेकला ते यंत्राला कळते. बोट, नख, पेन्सिलीचे मागचे टोक, काहीही चालते. पण दाबावे लागते. अण्णांच्या उजव्या हाताच्या बोटांना कात्री आणि सुई यांनी तीस वर्षांत घट्टे पडलेले आहेत. आज माझ्या मोबाइलवर त्यांचे बोट तीनदा फिरवावे तेव्हा एकदा लागते. ते चिडून म्हणतात, "ह्याला माझा हात ओळखू येईना की." पाटीला येत होता. पडदा दाबताना ते इतका जोर लावत की आई म्हणे, "अहो, इस्त्री न्हाई ती."

पानांच्या चालीबद्दल काय सांगावे? आमच्या गावात तेव्हा २जीचेच नेटवर्क होते, तेही दुकानाच्या पायरीवर. अण्णा पान उघडायला लागणारा वेळ काजांत मोजत. "आज बातमी दोन काजांत आली," असे ते म्हणत. म्हणजे तेवढ्या वेळात शर्टाची दोन काजे हाताने भरून झाली. चित्र असलेले पान पाच काजांचे. पाच काजे म्हणजे जवळजवळ अख्खी पट्टी. अण्णांना हा वेळ कधी वाया गेला असे वाटले नाही. आम्हा मुलांना वाटे. दोन पाने एकदम उघडली तर पहिले आपोआप मिटे. माणसाने एका वेळी एकच काम करावे, असे पाटीचे मत होते.

पण खरी अडचण चालीची नव्हती. पहिल्याच संध्याकाळी ताईने मराठी वर्तमानपत्राचे पान उघडले आणि पडद्यावर चौकोनांच्या रांगा उभ्या राहिल्या. ठळक चौकोन, बारीक चौकोन, मध्येच इंग्रजी आकडे. ॲन्ड्रॉइडच्या मूळ साच्यात देवनागरी अक्षरे आली ती पुढच्या, ४.० या आवृत्तीपासून. आमच्या २.३ ला मराठी म्हणजे काय ते ठाऊकच नव्हते. अनोळखी अक्षर आले की तिने तिथे रिकामा चौकोन ठेवायचा. अण्णा कितीतरी वेळ त्या पानाकडे पाहत होते. मग म्हणाले, "टाके घातलेत, कापडच न्हाई."

आठवडाभर पाटी कपाटावर होती. मग ताई कॉलेजातून एक युक्ती घेऊन आली. तिच्या वर्गातली एक मुलगी आपल्या साध्या फोनवर ती वापरत होती. ऑपेरा मिनी नावाचा ब्राउझर घालायचा. हा ब्राउझर मागितलेले पान आधी आपल्या कंपनीच्या संगणकावर उघडतो, तिथेच पिळून हलके करतो आणि मग आपल्याकडे पाठवतो; म्हणून २जीवर तो बरा. त्याच्या पत्त्याच्या जागी 'अबाउट', मग अपूर्णविराम, मग 'कॉन्फिग' असे टाइप केले की एक गुप्त पान उघडे. त्याच्या तळाशी अवघड लिप्यांसाठी अक्षरांऐवजी अक्षरांची चित्रे मागवावीत काय, अशा अर्थाचा एक प्रश्न होता. तिथे 'नो' चे 'येस' करायचे. बस्स.

मग मराठी दिसू लागले! अक्षरे किंचित खरबरीत, वेलांट्या कुठे तुटलेल्या, जोडाक्षरांची गर्दी, पण मराठी. ती खरी अक्षरे नव्हती. दूरच्या कुठल्याशा संगणकावर ती रंगवली जात आणि त्यांची चित्रे आमच्या पायरीपर्यंत येत. आता कळते तेव्हा मला त्याचे नवल वाटते. तेव्हा ताईने जे वाचून दाखवले त्याचेच नवल होते.

तिने वाचला तो मुख्यतः मराठी विश्वकोश. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून निघालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ सालचा. आमच्या गावच्या शाळेत काही खंड होते, पण कुलूपबंद कपाटात, काचेतून कणे दिसावेत एवढेच. नोंदी संकेतस्थळावर येऊ लागल्या होत्या. ताई रोज रात्री एक नोंद उघडी आणि ती येईपर्यंत मला पाढे म्हणायला लावी. कापूस, करघा, ज्वालामुखी, काय काय. अण्णांना तिने शिवणयंत्राविषयी वाचून दाखवले तेव्हा त्यांनी पायमशीन थांबवून ऐकले आणि मग दोन ठिकाणी "असं न्हाई बरं का" म्हणून सांगितले. विश्वकोशाला चूक काढणारा शिंपी मी तरी दुसरा पाहिला नाही.

ताई बारावीला ६८ टक्के मिळवून पास झाली. आमच्या घराण्यातले तोवरचे सर्वांत जास्त गुण.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. इथे थांबलो असतो तर पाटीला पंच्याहत्तर गुण देऊन मोकळा झालो असतो. पण सरांची चौथी अट होती, म्हणून मी ताईला फोन केला. आणि ज्या गोष्टीविषयी आमच्या घरात बारा वर्षे कोणी बोललेले नव्हते ती तिने पहिल्याच वाक्यात काढली. "फॉर्मचं लिहिलंस का?"

तेव्हा लिहितो.

त्या जूनमध्ये मुलींसाठी एक शिष्यवृत्ती होती. कोणाची ते लिहीत नाही. पदवीची तिन्ही वर्षे फी आणि वसतिगृहाचा खर्च मिळणार होता. अर्ज फक्त संकेतस्थळावरून भरायचा होता. मुदत दहा दिवस. ताईच्या मैत्रिणी तालुक्याच्या नेट कॅफेत जाऊन भरून आल्या; पन्नास रुपये त्याचे, शिवाय एसटीचे. आमच्या घरी पाटी होती.

अर्ज मराठीत होता. इथेच सगळे अडले. ऑपेरा मिनीत त्यातली अक्षरे दिसत, पण छायाचित्र चढवायचे त्या संकेतस्थळाचे बटण तिथे चालेना. पाटीच्या मूळ ब्राउझरमध्ये ते बटण चाले, पण तिथे सगळे चौकोन. एका खिडकीतून वाचता येई, दुसरीतून देता येई. ताईने मग अर्ज ऑपेरा मिनीत उघडला आणि त्यातले एकूण एक खाने क्रमाने वहीत उतरवून घेतले. नाव, वडिलांचे नाव, जात, उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक, असे तेवीस खाने. मग मूळ ब्राउझर उघडून ती चौकोनांखालचे खाने वहीवरून भरू लागली. मी शेजारी वही धरून बसलो होतो आणि आकडा सांगत होतो. "आता अकरा. बँकेचं नाव." छायाचित्र पाटीनेच काढले होते, दुकानाच्या भिंतीशी उभे करून, मागे मापाची टेप लोंबते आहे. ते ५० केबीच्या आत बसेना म्हणून त्यात दोन दिवस गेले. मग एकदा सगळे भरून झाले तर पान मिटले, पुन्हा पहिल्यापासून. असे करता करता शेवटची रात्र आली.

त्या रात्री साडेदहाला लाइट गेली. पाटीत पाव बॅटरी होती. ताई पायरीवर कंदील ठेवून भरत होती. एकविसावा खाना भरला आणि पडदा काळा झाला.

लाइट पहाटे आली. मुदत रात्री बाराची होती.

अण्णांना तिने सांगितले की अर्ज गेला. पुढे दोन महिन्यांनी सांगितले की यादीत नाव आले नाही. अण्णा म्हणाले, "लई पोरी असतील." मी नऊ वर्षांचा होतो, गप्प राहायला मला कोणी सांगितले नव्हते, तरी मी राहिलो. ताईने एसटीने ये-जा करत पहिले वर्ष केले, मग ते सुटले. २०१५ साली तिचे लग्न झाले. नंतर तिने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केले, मुलगा कडेवर असताना. आज ती अंगणवाडी सेविका आहे आणि दिवसभर 'पोषण ट्रॅकर' या सरकारी ॲपमध्ये मुलांची वजने आणि उंच्या भरते. "रोज फॉर्मच भरते की रे," असे ती हसत म्हणाली. मला हसता आले नाही.

मी तिला विचारले, नेट कॅफेत का गेली नाहीस? मला स्पष्ट आठवते, अण्णा म्हणाले होते, "घरात पाटी असताना पन्नास रुपये बाहेर कशाला?" ताई म्हणते, ते अण्णा बोललेच नाहीत, ती स्वतः बोलली. आई पन्नास रुपये देत होती, तिनेच घेतले नाहीत. पाटीवर पिको मशीन खर्ची पडले होते. पहिले मोठे काम पाटीवरच व्हावे असे तिला वाटत होते. आम्ही दोघे त्यावर दहा मिनिटे वाद घातला. कोणाचे खरे ते मला अजून ठरवता आलेले नाही. मी तेव्हा तिसरीची परीक्षा नुकतीच दिलेला मुलगा, माझ्या आठवणीवर मी तरी पैज लावणार नाही.

पाटीची पुढची हकिगत थोडक्यात. ताईच्या लग्नानंतर तिच्यावर मी गाड्यांच्या शर्यती खेळलो. दरम्यान ज्याच्या नावाने ती घरात आली तो 'आकाश'चा प्रकल्पही २०१५ च्या सुमारास गुंडाळला गेला. २०२० साली टाळेबंदीत अकरावीचे वर्ग मोबाइलवर सुरू झाले तेव्हा घरात स्मार्टफोन एकच, तोही चुलत्यांचा. मी पाटी बाहेर काढली. तिला आठ वर्षे झाली होती. वर्गाचे ॲप तिच्यावर चढेना. अण्णांनी तेव्हा न विचारता स्मार्टफोन घेऊन दिला, हप्त्यांवर. पाटी पेटीत गेली.

या दिवाळीत मी चार्जर शोधला. तो दुकानात सापडला, कापडाच्या चिंधीने नीट बांधलेला. पाटीची पाठ मध्ये फुगली आहे, म्हणजे बॅटरी गेली. अशी बॅटरी धोक्याची असते म्हणून मी ती अंगणात, जरा लांबच ठेवून जोडली. चार्जर काढला की ती मरते. पण जोडला तेव्हा पडदा उजळला, आणि कोपऱ्यात तारीख दिसली: १ जानेवारी १९७०. संगणकाच्या युनिक्स कुळातली यंत्रे काळ मोजायला त्याच दिवसापासून सुरुवात करतात. काहीच आठवेनासे झाले की परत तिथे जाऊन बसतात. मी तिला आजची तारीख सांगितली. माझ्या मोबाइलवरून वाय-फाय दिले. कोणतेही पान उघडायला गेलो की ती म्हणे, या संकेतस्थळाशी सुरक्षित जोडणी होत नाही. आजची बहुतेक संकेतस्थळे ज्या सांकेतिक भाषेत बोलतात ती तिच्या पिढीला शिकवलेलीच नव्हती. विश्वकोशाचे पानही उघडले नाही. आत ताईचे ते छायाचित्र मात्र आहे, मापाच्या टेपसह. मी ते माझ्या मोबाइलवर घेऊन तिला पाठवले. तिने उत्तर दिले, "केवढी बारीक होते मी."

गुणांचा प्रश्न उरला. मी तिला म्हटले, मी तर पस्तीसच्या खाली नेणार आहे. साडेतीन हजारांत जी वस्तू मराठी दाखवत नाही, दोन तास चालते आणि ऐन वेळी मरते, तिला पास कसे करायचे? ताई म्हणाली, तुला विश्वकोशाचे गुण द्यायचे नाहीत का? मी म्हटले, ते तुझ्या युक्तीचे गुण, पाटीचे नव्हेत. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ती म्हणाली, "चाळीस कर. चाळीस म्हणजे ग्रेस न लावता पास." तेव्हा शंभरपैकी चाळीस. सरांनी मला या निबंधाला किती दिले ते मी इथे लिहीत नाही.

आणि फोन ठेवताना म्हणाली, "छापायला देणार असशील तर अण्णांना आधी वाचून दाखव. छापल्यावर त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको."

म्हणून सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी दुकानात बसून त्यांना हे सगळे वाचून दाखवले. गिऱ्हाईक नव्हते. पायमशीनवर शाळेची चड्डी होती. ती पाटी ज्या खोक्यातून आली होती ते पांढरे खोके समोरच्या फळीवर आहे. त्यात गेली कित्येक वर्षे बटणे असतात. काजांचे वाचले तेव्हा अण्णा हसले. विश्वकोशाचे वाचले तेव्हा म्हणाले, "बरोबर हाय, चूकच होती ती." पायमशीन चालूच होते. फॉर्मचे आले तेव्हा माझा आवाज बारीक झाला असावा, कारण त्यांनी पाय थांबवला. मी पुढे वाचत गेलो. लाइट गेल्याचे वाचले. यादीत नाव न आल्याचे वाचले.

संपल्यावर ते काही बोलले नाहीत. मग विचारले, "किती खाने ऱ्हायले होते?"

"दोन."

त्यांनी मान हलवली. चड्डीचा दोरा तोडला, ती उलटी करून शिवण तपासली, बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. पाय पुन्हा सुरू झाला. मी उठलो तेव्हा म्हणाले, "किंमत चुकलीय तुझी. तीन हजार सहाशे लिहिलंस. साडेतीन हजार पाटीचे, शंभर त्यानं कव्हरचे येगळे घेतले. तेवढं नीट कर."

वर मी ते नीट केले आहे.